पिठात गेलेली मूठ

हॉस्पिटलात तुमचं काम काय, असं कुणा पाहुण्याने विचारलं की मी घसा साफ करतो. तेवढ्यात माझी बायको लता स्वयंपाकघरातून उत्तर देऊन मोकळी होते, "ते होय? ते माणसं मोजतात." पाहुणा मान डोलावतो आणि चहाकडे वळतो. अख्खी नोकरी अशी तीन शब्दांत उरकली की वाईट वाटायला हवं. मला वाटत नाही, कारण ती बरोबर बोलते.

मी मुकादम आहे. सुरतेच्या जुन्या भागात, तापीपासून हाकेच्या अंतरावर एक सरकारी हॉस्पिटल होतं, तिथला. डॉक्टर आणि सिस्टर सोडून जी माणसं हॉस्पिटलात दिसतात आणि दिसूनही कुणाच्या लक्षात राहत नाहीत, ती माझी. आया, वॉर्डबॉय, झाडूवाल्या, स्ट्रेचर ढकलणारे. कुठल्या पाळीला कोण, कुठल्या वॉर्डात कोण, कुणाची सासू मेली, कुणाची सासू दर वर्षी मरते, हे सगळं मुकादमाच्या डोक्यात असावं लागतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, हॉस्पिटल डॉक्टर चालवतात. वाटू दे. डॉक्टर उशिरा आला तर हॉस्पिटल कुरकुरतं, सिस्टर आली नाही तर लंगडतं, आणि झाडूवाली आली नाही तर दुपारपर्यंत दार लावून घ्यावं लागतं. हे वाक्य मी एकदा स्टाफच्या सभेत टाळ्यांच्या अपेक्षेने म्हटलं होतं. टाळ्या फक्त झाडूवाल्यांनी वाजवल्या.

आमची इमारत इंग्रजांच्या वेळची. दगडी कमानी, माणूसभर उंचीच्या खिडक्या, आणि छत इतकं वर की पंख्याचा वारा खाली येईपर्यंत दमून जायचा. पुरुषांच्या वॉर्डाच्या दारावर दगडात इंग्रजीत कोरलेलं होतं, 'नेटिव्ह मेल्स'. चुना मारून मारून ते पुसट झालं होतं, पण गेलं नव्हतं. गोरे गेले, त्यांचा वॉर्ड एक्स-रेला दिला, आणि नेटिव्ह तेवढे दाराखाली राहिले. गोऱ्यांनी एक गोष्ट मात्र डोकं लावून केली होती. हॉस्पिटलच्या मागे नोकरांसाठी खोल्यांची एक लांब ओळ बांधली होती, समोर सलग ओटा. पखालवाले, डोलीवाले, झाडूवाले, सगळे तिथे राहायचे. आवारातच राहणारा माणूस दांडी मारून जाणार कुठे, असा त्यांचा हिशोब. हिशोब चांगला होता. त्यांना फक्त कानबाई ठाऊक नव्हती.

माझ्या वेळेला त्या खोल्यांत निम्म्याहून जास्त खानदेशी होते. अमळनेर, शिरपूर, नंदुरबार, साक्री. आमच्याकडे नोकरी अशीच लागते. एकाने चिकटायचं, मागून हळूहळू गाव आणायचं. माझे वडील इथे पाणी भरायला लागले, त्यांच्या मागून मी. हॉस्पिटलात हाक मारायची ती गुजरातीत, भांडायचं हिंदीत आणि रडायचं अहिराणीत, अशी आमची वाटणी होती.

आता कानबाई, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, साडी नेसवलेली, नथ घातलेली. सोमवारी उजाडताच तिला डोक्यावर घेऊन नदीला न्यायचं. त्या निमित्ताने रोट होतात. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू मोजायचे, तान्ह्या पोराचीसुद्धा मूठ धरायची. ते गहू दळून जे होईल ते फक्त भाऊबंदांनी खायचं. परक्याच्या तोंडी एक घास जाता कामा नये. आणि भाऊबंदांत कुणी गेलं, सुतक लागलं, की त्या वर्षी कानबाई बसत नाही. संपलं.

म्हणजे त्या रविवारी खानदेशी माणूस घरी हवाच. त्याची मूठ तिथे मोजलेली असते. साहजिकच श्रावणातल्या त्या शनिवारी आमच्या हॉस्पिटलातून नंदुरबारकडच्या गाडीला निम्मा चौथा वर्ग चढायचा. कुणाला ताप, कुणाला जुलाब, कुणाची सासू. एका वर्षी स्ट्रेचर ढकलायला कुणी नाही म्हणून मी आणि आरएमओ देसाईसाहेब, म्हणजे हॉस्पिटलचा कारभार बघणारे डॉक्टर, दोघांनी मिळून एक बाळंतीण पोहोचवली. साहेब अनाविल ब्राह्मण, अंगाने भरलेले, सुरती जेवणावर पोसलेले. बाळंतिणीपेक्षा जास्त धापा ते टाकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"मुकादम, आ तमारी कानबाई छे के हडताळ?"

"साहेब, देवी आहे."

"देवी आहे तर तिला इथे बोलवा ना. स्टाफ तिच्याकडे जातो, त्यापेक्षा ती स्टाफकडे येऊ दे."

साहेब चिडून बोलले होते. मी मात्र ते घरापर्यंत डोक्यात घोळवत नेलं. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर सुमनअक्का आली होती.

सुमनअक्का आमची पुरुषांच्या वॉर्डातली आया. रंगाने सावळी, बोलायला तिखट, हाताने मऊ. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. नवऱ्याच्या पाठोपाठ दिरांनी तिला रोटाला बोलवायचं बंद केलं. तिच्या घरात पुरुष नाही, म्हणजे मूठ नाही, मूठ नाही म्हणजे घास नाही. दर वर्षी सगळे रजेसाठी माझ्यामागे लागत, तेव्हा ती वॉर्डाच्या दारात उभी राहून म्हणायची, "जा रे, जा तुम्ही. मना रोट बंद शे. मी शे ना ड्यूटीवर." सगळ्यांना सोयीचं होतं. मुकादमाला तर सर्वांत जास्त. सोमवारी सकाळी तापीकडे जाणाऱ्या कानबाईंची गाणी रस्त्यावरून ऐकू आली की ती बेडपॅन घेऊन मोरीकडे निघून जायची. तिथे नळ मोठा सोडला की बाहेरचं ऐकू येत नाही.

म्हणून मी हॉस्पिटलात कानबाई बसवायचं काढलं. मागच्या खोल्यांच्या ओट्यावर. सगळ्यांनी गावी जाण्याऐवजी इथेच पाळ्या लावून ड्यूटी करायची, इथेच देवी, इथेच रोट. आणि देवीचा चौरंग डोक्यावर घेणार सुमनअक्का.

लगेच शंका निघाल्या. आमची मूठ गावी मोजतात, मग इथे परत कशी मोजायची? मी माझ्या आईला गावी फोन लावला. ती असल्या बाबतीत हायकोर्ट. तिने जरासुद्धा वेळ न घेता निकाल दिला, "दोन घरे जेवस ना तू? मंग दोन घरे मूठ." दुसरी शंका बायकांची, विधवेने चौरंग घ्यायचा का? त्यावर आमचे भिका आबा बोलले. आबा म्हणजे स्ट्रेचरवर आयुष्य घालवलेला, पांढऱ्या मिशांचा, सगळ्यांत जुना माणूस. म्हणाले, "इथल्या अर्ध्या शहराला तिने उचलून बसवलंय. देवीला नाही उचलायचं तिने?"

सुमनअक्काला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मस्करी करी राहिना का भाऊ?" मी नाही म्हटल्यावर ती वॉर्डात गेली. संध्याकाळी बघतो तर मागच्या खोल्यांच्या ओट्याला चुना लागलेला.

शुक्रवारी गहू मोजायला बसलो. ओट्यावर गव्हाचं पोतं, समोर परात, आणि मुकादम या नात्याने मूठ माझी. गर्दी जमलेली. अशा वेळी माझ्या अंगात काय संचारतं कोण जाणे. लता म्हणते, चार माणसं बघत असली की तुम्ही स्वतःच्या लग्नात असल्यासारखे वागता. मी ऐटीत विचारलं, "बोला, घरात पुरुष किती?" वॉर्डबॉय झाले, स्ट्रेचरवाले झाले, माळी झाला, चौकीदार झाला. देसाईसाहेब कौतुकाने बघायला आले होते, त्यांची एक मूठ घातली. तर ते ओशाळवाणं हसून म्हणाले, "जरा मोटी मुठ्ठी लेजो, मुकादम." हशा पिकला. तेवढ्यात सुमनअक्का म्हणाली, "आन् वार्डमधला? त्या काय रस्तावर झोपतस?"

तिला वाटलं असेल, नवं घर मिळतंय तर भरलेलं असावं. आणि मी रंगात आलेला. म्हटलं, "बरोबर! आपल्या छताखाली झोपतो तो आपला." पुरुषांच्या वॉर्डातल्या प्रत्येक भरलेल्या कॉटची मूठ परातीत टाकली. गुजराती, भय्ये, मियाँभाई, ओडिया, सगळे. परातीवर गव्हाचा डोंगर झाला. बायकांनी लगेच पोतं उचललं, पलीकडच्या चक्कीवर नेलं. मी हात झटकले. कुणीतरी माझी पाठ थोपटली.

पीठ दळून आलं तेव्हा भिका आबा माझ्या शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "मुकादम, तुले समजस का, तू काय करं ते?"

"काय आबा?"

"मूठ टाकी म्हणजे भाऊबंद झाला. भाऊबंद मेला म्हणजे सुतक. आते रविवारलोंग त्या वार्डमा कोणीच मराले नको."

मी आबांकडे बघितलं. आबांनी वॉर्डाच्या खिडक्यांकडे बघितलं. हॉस्पिटल ही जागाच अशी की तिथे मरण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागत नाही. मी म्हटलं, "मग त्यांच्या मुठी काढून घेऊ."

आबा हसले. "पीठमाईन मूठ निंघस का?"

असा घोटाळा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही हॉस्पिटलात झाला नसेल. सगळा मेल वॉर्ड मी माझा भाऊबंद करून बसलो होतो.

पुढचे दोन दिवस त्या वॉर्डाची जी सेवा झाली, ती इंग्रजांच्या काळात गोऱ्यांचीही झाली नसेल. बातमी तासाभरात पसरली होती. रजेचे अर्ज परत घेतले गेले. ज्यांची पाळी नव्हती तेही येऊन बसले. सलाइन संपायच्या आधी आया सिस्टरच्या मागे उभी. पेशंटने कूस बदलली की दोघे धावायचे. एका सुरती शेठला नुसती उचकी लागली, तर भिका आबा स्ट्रेचर घेऊन हजर. शेठ ओरडला, "अरे, हूं जीवतो छूं!" आबा म्हणाले, "तेच पाहिजे." राउंडला आलेले देसाईसाहेब वॉर्डाच्या मधोमध उभे राहून चारी बाजूंना बघत राहिले आणि मला म्हणाले, "मुकादम, ही देवी वर्षभर ठेवता येईल का?"

सगळं निभावलं असतं. पण खिडकीजवळच्या कॉटवर बाबा होता.

त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भेस्तानकडच्या कुठल्या तरी लूमच्या खात्यातून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, चार माणसं टेम्पोत घालून त्याला सोडून गेली, परत आली नाहीत. केसपेपरवर गुजरातीत 'अजाण्यो पुरुष'. अर्धं अंग गेलेलं, जीभ वळत नव्हती, छातीत लूमचा कापूस. ओडिया असेल, असं आपलं सगळे म्हणायचे. आम्ही त्याला खिडकीवाले बाबा म्हणायचो. तो कॉटवर नेहमी एका कडेला अंग चोरून पडायचा, अर्धी गादी रिकामी. कितीदा मध्ये सरकवला तरी थोड्या वेळाने चांगल्या हातापायाने रेटा देत पुन्हा कडेला. आम्हाला वाटायचं, लकव्यामुळे असेल. सुमनअक्काने सांगितलं, "पाळीना माणूस शे तो. खोलीत एका गादीवर दोघं झोपत असतील. तो दुसऱ्याची जागा राखतोय." तेव्हापासून ती त्याला मध्ये सरकवत नसे. कडेला उशी लावून ठेवायची, पडू नये म्हणून.

शनिवारी दुपारी बाबाचा श्वास बिघडला. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन मान हलवली. रविवारी सकाळी देसाईसाहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांनाही एव्हाना सगळं समजलेलं होतं.

"मुकादम, त्याला मोठ्या हॉस्पिटलात रिफर करता येईल. तिथेही काही होणार नाही, ते मी तुम्हाला खोटं सांगत नाही. पण कॉट इथली मोकळी होईल. तमारो प्रसंग सचवाई जशे, तुमचं कार्य निभावेल."

साहेब प्रेमानेच बोलत होते. गाडी पोर्चमध्ये उभी होती. ओट्यावर आंब्याच्या पानांचं तोरण चढत होतं, लताने स्वतःची नथ आणून दिली होती, सुमनअक्काने ट्रंकेच्या तळातली, लग्नानंतर न नेसलेली हिरवी साडी देवीसाठी काढली होती. आमच्यातले दोघेतिघे तर लगेच म्हणाले, बरोबर आहे, आपल्या छताखालून गेला की आपलं सुतक नाही. मीही मान हलवायच्या बेतात होतो. मुकादमाला गणित जुळलं की बरं वाटतं.

मी वॉर्डात गेलो. सुमनअक्का बाबाच्या कॉटवर बसली होती, त्या रिकाम्या अर्ध्या बाजूला. चमच्याने त्याच्या ओठांना पाणी लावत होती. मी सांगितलं. ज्या बाईसाठी एवढं सगळं मांडलं होतं, तिला बरं वाटेल या हिशोबाने जरा खुशीतच सांगितलं.

ती वर न बघता म्हणाली, "त्यानी मूठ टाकी ना आपण?"

"टाकली."

"मंग? मरणाच्या वक्ताला त्याले घरबाहेर काढतस का?"

"अक्का, पण कानबाई..."

"माले दिरांनी असंच काढं व्हतं," ती म्हणाली. "घरात मावत नव्हते म्हणून नही. त्यांना हिशोब जमत नव्हता म्हणून."

मी बाहेर आलो आणि गाडी परत पाठवली.

उन्हं कलली. ओट्यावर चौरंग मांडला होता. नारळाला हिरवी साडी नेसवून झाली होती, नथ तेवढी घालायची राहिली होती. केरळच्या दोन सिस्टर फुगडी शिकून घेत होत्या आणि पडत होत्या. तेवढ्यात सुमनअक्का वॉर्डाच्या मागच्या दारातून आली. हात कोपरापर्यंत ओले. ती ओट्याजवळ आली, देवीकडे बघितलं, हात जोडले नाहीत. शांतपणे म्हणाली, "तोरण उतारा."

भिका आबा स्टुलावर चढले आणि स्वतःच्या हाताने पानं काढू लागले.

देसाईसाहेब धावत आले. "अरे, पण तो तर पेशंट होता! तुमचा कोण लागत होता?"

आबा स्टुलावरून म्हणाले, "साहेब, पेशंट तुमचा. आमचा भाऊबंद."

रोट झाले नाहीत. सोमवारी पहाटे रस्त्यावरून कानबाई गात गेल्या. आम्ही ते पीठ परातीत घेऊन गुपचूप तापीत सोडलं. सुमनअक्का माझ्या शेजारी पाण्यात उभी होती. म्हणाली, "ही नदी आपल्याकडूनच येते ना भाऊ?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग मासे तरी आपले." आणि फिसकन हसली, नि मग रडली.

बेवारस माणसाचं पोलिसांचं वगैरे जे असतं ते होईपर्यंत थांबावं लागलं. एरवी आम्ही गाडीत चढवून देतो आणि वळतो. या वेळी चौथ्या वर्गातले होते नव्हते ते सगळे स्मशानात गेलो. दहाव्याला तापीवर भटजींनी विचारलं, "नाव? गोत्र?" मी नोकरीभर माणसं मोजली, पण नावाला येऊन अडकलो. आबांनी वेळ निभावली. म्हणाले, "नाव खिडकीवाले बाबा. गोत्र हॉस्पिटल." भटजींनी माझ्याकडे संशयाने बघितलं आणि मंत्र सुरू केले. त्या दिवशी आबांनी मिशा उतरवल्या, मग मीही. माझ्या चेहऱ्यावर तेवढीच एक बघण्यासारखी गोष्ट होती, असं लताचं मत. तिने मला दारातच ओळखलं नाही, निदान तसं दाखवलं.

पुढच्या वर्षी पुन्हा गहू मोजायला बसलो. या वेळी ऐट नव्हती. स्टाफच्या मुठी झाल्या आणि माझा हात पोत्याशी थांबला. सगळे सुमनअक्काकडे बघायला लागले. ती म्हणाली, "थांबना कसाले? टाक." पूर्ण वॉर्डाच्या मुठी टाकल्या. त्या वर्षी वॉर्डाने आमची लाज राखली. सोमवारी उजाडताना सुमनअक्का डोक्यावर चौरंग घेऊन 'नेटिव्ह मेल्स'च्या दारासमोरून निघाली, तेव्हा चालता येणारे पेशंट व्हरांड्यात येऊन उभे होते, सलाइनची बाटली हातात धरून. तिचा चेहरा मला अजून दिसतो. परत येऊन तिने रोट केले, आणि पहिला घास स्वतःच्या हाताने वॉर्डात नेला. एक ओडिया पोरगा म्हणाला, "मौसी, ये क्या है?" ती म्हणाली, "घर का है."

त्यानंतर काही वर्षं कानबाई बसली, काही वर्षं तोरण उतरवावं लागलं. हॉस्पिटलच ते. पण त्या आठवड्यात मला कधी कुणाची सासू मेल्याचं ऐकू आलं नाही.

मग इमारत धोकादायक ठरली. आम्हाला लांब, नव्या इमारतीत हलवलं. चांगली आहे, खोटं का बोला. लिफ्ट आहे, फरशीत तोंड दिसतं. मागे खोल्या नाहीत. सफाईला एजन्सीची माणसं येतात, एकसारखे निळे शर्ट. महिनाभरात चेहरे बदलतात. मी अजून मोजतो, पण मशीन माझ्याआधी अंगठा घेऊन मोजून बसलेलं असतं. श्रावणात कुणी रजा मागत नाही. मागितली तर एजन्सी दुसरा निळा शर्ट पाठवते. कधी कधी वाटतं, एखाद्याने येऊन सासू मेल्याचं खोटं सांगावं.

भिका आबा गेले. त्यांच्या नावाचं सुतक मी घरी धरलं, लताने कारण विचारलं नाही. देसाईसाहेब निवृत्त होऊन मुलाकडे गेले. सुमनअक्का सुरतेतच नवागामला एका खोलीत राहते. जुन्या खोल्या खाली करताना देवीचा नारळ तिनेच नेला. तिच्या घरात अजूनही पुरुष नाही, आणि गहू मात्र दर वर्षी पोतंभर लागतात. आम्ही जे कुणी उरलो आहोत, भेस्तानपासून इच्छापोरपर्यंत, सोमवारी सकाळी तिच्याकडे घास खायला जमतो.

गेल्या श्रावणात तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून गहू मोजायला मला बोलावलं. ती नावं घेत गेली, मी मुठी टाकत गेलो. माणसं संपली. ती म्हणाली, "आते खिडकीजोडेनी खाट."

मी म्हटलं, "अक्का, वॉर्डाला कुलूप आहे. खाटा भंगारात गेल्या."

"तुमना नवा वार्डमा खिडकी नही का?"

"आहे."

"खिडकीजोडे खाट नही?"

"आहे ना."

"तठे कोण शे आते?"

मला ठाऊक नव्हतं. रोज त्या खिडकीवरून दोन फेऱ्या होतात माझ्या. अक्का म्हणाली, "टाक मूठ. कोणी ना कोणी येईच. नाव विचारी लेजो."

टाकली. आणि दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागलो. आता सवय झाली आहे. नव्या वॉर्डातली खिडकी उघडत नाही, काच बसवलेली आहे, पण कॉट आहे आणि ती रिकामी राहत नाही. हे लिहितोय तेव्हा श्रावण तोंडावर आला आहे. काल तिथे नवा माणूस आला. वर्ध्याकडचा, कडियाकाम म्हणजे गवंडीकाम करणारा, परांचीवरून पडून कंबर मोडून घेतलेला. भिंतीकडे अंग चोरून पडला होता. मी त्याच्या मोकळ्या बाजूला टेकलो आणि विचारलं, "काका, नाव काय तुमचं?"

त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. सरकारी माणूस नाव विचारतो तेव्हा कुणीही बघेल तसं.

"कायले पाहिजे नाव?"

"गहू मोजायचे आहेत," मी म्हटलं.